‘मी जगाचा शेवट कसा घालवला’ : चाउशेस्कूच्या शेवटच्या वर्षातलं प्रेम

‘मी उन्हाळ्याची सुट्टी कशी घालवली’ हा निबंध शाळेत एकदाही लिहिला नाही असा मराठी माणूस शोधून सापडणार नाही. रुमेनियातल्या मुलांच्या वह्यांतही हाच निबंध असतो, तंतोतंत याच मथळ्याचा. काटालिन मितुलेस्कु या दिग्दर्शकाने त्यातला ‘सुट्टी’ हा शब्द काढून तिथे ‘जगाचा शेवट’ टाकला आणि २००६ सालच्या आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाला नाव दिलं : ‘कुम म्याम पेत्रेकुत स्फर्शितुल लुमी’. इंग्रजी नावातून ही गंमत निसटते. मराठीत मात्र ती जशीच्या तशी येते, म्हणून सुरुवातीलाच सांगितलं. चित्रपटाचा सगळा सूर या नावात आहे. रुमेनियाचा कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कु याची जवळजवळ पंचवीस वर्षांची राजवट कोसळतेय आणि ती गोष्ट पहिली-दुसरीतल्या पोराच्या निबंधाच्या थाटात सांगितली जातेय.

लांबी साधारण एकशे सहा मिनिटं. पटकथा मितुलेस्कु आणि आंद्रेया वलेयान यांची. निर्मात्यांच्या यादीत मार्टिन स्कॉर्सेसी आणि विम वेंडर्स या नामवंत दिग्दर्शकांची नावं दिसतात. मितुलेस्कुच्या ‘ट्राफिक’ या लघुपटाला २००४ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार, पाम द’ओर, मिळाला होता, त्यामुळे दारं उघडली असावीत. नायिका दोरोतेया पेत्रेला या कामासाठी कानच्या ‘अं सर्तें रगार’ विभागात अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं आणि त्या वर्षी रुमेनियाने ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला.

काळ १९८९ चा, जागा बुखारेस्टच्या कडेची एक वस्ती. एवा सतरा वर्षांची, तिचा भाऊ लालालिलु सात वर्षांचा. एवाचा मित्र अलेक्सांद्रु सत्तेच्या यंत्रणेत वजन असलेल्या बापाचा मुलगा. शाळेत दोघांच्या मस्तीत चाउशेस्कूचा अर्धपुतळा खाली येतो आणि फुटतो. चूक दोघांची, पण शिक्षा एकटीला. शिस्तपालन समितीपुढे उभं राहून कबुली द्यायची आणि शाळा सोडून ‘वळणावर आणण्याच्या’ दुसऱ्या शाळेत जायचं. तिथे तिला आंद्रेय भेटतो. त्याच्या घरच्यांवर सरकारविरोधी असल्याचा शिक्का आहे. आंद्रेयच्या डोक्यात एकच गोष्ट आहे : डॅन्यूब पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात जायचं.

यापुढची गोष्ट सांगत नाही. पण एवढ्यावरूनही कळतं की हा नेहमीचा प्रेमत्रिकोण नाही. एवापुढे ‘कोण आवडतो’ हा प्रश्न फार काळ राहतच नाही. अलेक्सांद्रु म्हणजे डोक्यावर छत्री. त्याच्याशी जमवून घेतलं तर शाळा परत मिळू शकते, घरच्यांची चौकशी टळू शकते. तिच्या घरच्यांनाही ती त्याच्याशी गोड राहिली तर हवंच आहे. आंद्रेय म्हणजे उघड्यावर पाऊस. पहिला आपल्याला वाचवू शकला असता आणि त्याने वाचवलं नाही. दुसरा कुणालाच वाचवू शकत नाही, पण सोबत बुडायला तयार आहे. अशा राजवटीत सतरा वर्षांच्या मुलीचं मन कशावर बसतं, हे चित्रपट फार बारकाईने दाखवतो. अलेक्सांद्रुवरचा तिचा राग ‘तू मला सोडून दुसरीकडे गेलास’ असा नाही. ‘तू गप्प उभा राहिलास’ एवढाच तो राग आहे, आणि तो शेवटपर्यंत विरघळत नाही.

अडचण अशी की मितुलेस्कु काहीही समजावून सांगत नाही. रुमेनियातल्या प्रेक्षकाला गरज नव्हती. सगळं घरचंच होतं. आपल्याकडे पाहताना निम्मी गोष्ट चौकटीच्या कोपऱ्यात राहून जाते. म्हणून काही तपशील आधी माहीत असलेले बरे.

सगळ्यात महत्त्वाचा तपशील चित्रपटात कुणी उच्चारतही नाही. ऑक्टोबर १९६६ च्या ७७० क्रमांकाच्या हुकुमाने रुमेनियात गर्भपात जवळजवळ बंद झाला. १९८५ नंतर सूट मिळायची ती पाच मुलं झालेल्या किंवा पंचेचाळीशी ओलांडलेल्या बाईला, आणि मोजक्या वैद्यकीय कारणांसाठी. गर्भनिरोधकं दुकानात मिळत नसत. मिळाली तर काळ्या बाजारात. बेकायदा गर्भपातात हजारो बायका दगावल्या. हे डोक्यात ठेवून एवाच्या प्रेमाकडे पाहिलं की प्रत्येक जवळिकीला एक धार येते. हातात हात घेणंसुद्धा तिथे स्वस्त नव्हतं. काळोख, निर्मनुष्य जागा, तरुण जोडपं हे सगळं इतर कुठल्याही प्रेमपटासारखं दिसतं, फक्त इथे चुकल्याची किंमत सरकारने ठरवून ठेवलेली होती.

दुसरी गोष्ट काळोखाची. लोडशेडिंग आपल्याला नवं नाही, पण तिथलं कारण वेगळं होतं. १९८१ च्या सुमारास रुमेनियावर दहा अब्ज डॉलरच्या घरात परकीय कर्ज होतं. ते सगळंच्या सगळं फेडायचं असं चाउशेस्कूने ठरवलं आणि एप्रिल १९८९ मध्ये फेडल्याचं जाहीरही केलं. फेडलं ते लोकांच्या ताटातून आणि दिव्यातून. धान्य, मांस, इंधन बाहेर विकलं गेलं. घरात वीज मोजून, खोल्या तापवणारे सरकारी रेडिएटर कोमट, खासगी गाडीला महिन्याला साधारण वीस लिटर पेट्रोल, आणि रविवारी गाडी काढायची तर नंबर सम की विषम ते पाहून, एक रविवार आड. बऱ्याच गावांत साखर माणशी महिना एक किलो, तेल एक लिटर. एक महिन्याच्या गरजेपेक्षा जास्त अन्न घरात साठवलं तर १९८१ च्या हुकुमानुसार सहा महिने ते पाच वर्षं कैद. कॉफीच्या नावाखाली भाजलेल्या धान्याची जी भुकटी मिळायची तिला लोक ‘नेकेझोल’ म्हणत. शब्द घोड्याच्या खिंकाळण्यावरून आलेला. डॉक्टरला, कारकुनाला, दुकानदाराला ‘चहापाणी’ म्हणून दिली जायची ती केंट सिगारेटची पाकिटं, आणि ती न फोडता पुढच्या हातात जायची. तेव्हाच्या रुमेनियावरच्या कुठल्याही चित्रपटात केंटचं पाकीट दिसलं तर ते ओढण्यासाठी नाही, ती नोट आहे असं समजा.

टीव्ही १९८५ पासून आठवड्याच्या दिवशी जेमतेम दोन तास, रात्री आठ ते दहा. त्यातला बराच वेळ एकाच माणसाची भाषणं आणि भेटीगाठी. बुखारेस्टचे लोक गच्चीवरचा अँटेना बल्गेरियाकडे फिरवायचे; भाषा कळली नाही तरी फुटबॉल आणि सिनेमे कळायचे. दार-खिडक्या लावून हळू आवाजात पश्चिमेतून प्रसारित होणारा ‘रेडिओ फ्री युरोप’. हुकूमशहाची नक्कल घरात, चार भिंतींच्या आत, आणि मुलांनी ती बाहेर बोलायची नाही ही ताकीद.

इथे एका आक्षेपाचा समाचार घ्यायला हवा. अनेकांना हा चित्रपट जरा जास्तच उबदार वाटतो. ‘इतकी वाईट परिस्थिती आणि सगळं असं सोनेरी-तपकिरी? अंगणात हसणं-खिदळणं?’ आक्षेप अगदीच चूक नाही, त्याकडे येतो. पण जागा लक्षात घ्या. ही वस्ती सिमेंटच्या आठ-दहा मजली ठोकळ्यांची नाही. बैठी घरं, कच्चा रस्ता, अंगण. अशा घरात लाकडावर चालणारी शेगडी असते, त्यामुळे सरकारी रेडिएटरवर जीव टांगलेला नसतो. अंगणात चार कोंबड्या, मांडवावर द्राक्षाचा वेल, आणि शरद ऋतूत त्याचीच घरगुती वाइन. म्हणजे पाव आणि मांसाच्या रांगेत दोघेही उभे, पण ठोकळ्यात राहणाऱ्याच्या मानाने अंगणवाला थोडा सुखी. शिवाय अशा वस्त्यांवर कधीही बुलडोझर येईल ही धास्ती होतीच. मार्च १९७७ च्या भूकंपानंतर बुखारेस्टच्या जुन्या भागाचा मोठा तुकडा पाडून तिथे चाउशेस्कूचा प्रचंड राजवाडा उभा राहत होता. त्यामुळे कॅमेरा अंगणात इतका रेंगाळतो, ते अंगण जाणार असल्याच्या भावनेने रेंगाळतो. ते सौंदर्य खोटं नाही.

कॅमेरा मारिउस पांडुरुचा. याच पांडुरुने त्याच वर्षीचा ‘१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट’ चित्रित केला आणि तो किती कोरडा, राखाडी आहे ते पाहिलं की इथला रंग जाणूनबुजून निवडलाय याबद्दल शंका राहत नाही. संगीत अलेक्झांडर बलानेस्कुचं, व्हायोलिनभोवती बांधलेलं. काही ठिकाणी ते प्रसंगाच्या आधीच भावूक होतं. तेवढं कमी असतं तर बरं.

आता डॅन्यूब. चित्रपटातल्या प्रेमाचं वजन या नदीवर तोललेलं आहे, म्हणून जरा सविस्तर. रुमेनिया आणि युगोस्लाव्हिया यांच्यामधली दोनशे किलोमीटरांहून जास्त सीमा म्हणजे डॅन्यूबच. पलीकडचा देशही कम्युनिस्टच, पण तिथून पुढे इटली-ऑस्ट्रियाची वाट सापडण्याची शक्यता होती. नदी पार करणाऱ्यांना रुमेनियन भाषेत ‘फ्रोंतिएरिश्त’ म्हणत. खडकांच्या खिंडीत, ‘काझाने’ म्हणतात तिथे, पात्र दीडशे मीटरपर्यंत अरुंद होतं. पण अरुंद जागा पहाऱ्यालाही सोपी. इतरत्र ते कितीतरी रुंद, आणि १९७२ मध्ये पुरं झालेल्या ‘लोखंडी दरवाजा’ नावाच्या धरणामुळे वर पाणी फुगून तलावासारखं पसरलेलं.

नुसतं पोहता येऊन भागत नसे. पहिली अडचण काठापर्यंत पोचण्याची. सीमेकडे जाणाऱ्या गाड्यांत ओळखपत्रं तपासली जात. इथले रहिवासी नसाल तर इकडे कशाला आलात याचं उत्तर तयार हवं. त्यामुळे पळणारे आदल्या कुठल्या तरी स्टेशनवर उतरून डोंगरातून चालत, दिवसा लपत. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून अंगाला. गारठ्यापासून बचाव म्हणून अंगाला चरबी किंवा ग्रीस. कुणी गाडीची ट्यूब, कुणी हवा भरलेली गादी; पण पाण्यावर तरंगणारी वस्तू सर्चलाइटमध्ये पटकन दिसते, म्हणून चांगले पोहणारे ती टाळत. बिघडायचं ते बहुतेक तीन गोष्टींनी. थंडीने पायात गोळे. प्रवाहाने इतकं खाली वाहून जाणं की पहाट होईपर्यंत काठच हाती लागत नाही. आणि गस्तीची बोट. गोळ्या झाडल्या जात. जिवंत सापडलं तर कायद्याने सहा महिने ते तीन वर्षं कैद, आणि मारहाण कायद्याबाहेरची. पलीकडे पोचलं तरी सुटका नक्की नव्हती : बेकायदा प्रवेशाबद्दल काही दिवस युगोस्लाव्ह कोठडी, मग कुणाला निर्वासित म्हणून पुढे पाठवलं, कुणाला उचलून परत रुमेनियाच्या हवाली केलं.

एक मुलगा एका मुलीला ‘चल, माझ्याबरोबर’ म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात एवढं सगळं बांधलेलं आहे. आणखी एक गोष्ट, ती पळणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांची : घरातलं माणूस पळालं की आई-बापाची चौकशी, नोकरीत बदली, भावंडांच्या शिक्षणात अडथळे. एवाला मागे खेचते ती नेमकी ही बाजू, आणि त्या बाजूचं नाव लालालिलु.

लालालिलुला हुकूमशाही वगैरे कळत नाही. त्याचं गणित साधं : ताई निघून जाणार, कारण चाउशेस्कु, म्हणून चाउशेस्कूला मारायचं. तो मित्रांना घेऊन बेत आखतो, आणि हुकूमशहापुढे गाणाऱ्या मुलांच्या पथकात शिरण्याची खटपट करतो. ही विनोदी कल्पना हवेतून आलेली नाही. तिथे चार वर्षांपासून मुलाला ‘मायभूमीचे ससाणे’ या संघटनेत घालत, पुढे पायोनियर म्हणून तिरंगी काठाचा लाल रुमाल गळ्यात, आणि चौदाव्या वर्षानंतर कम्युनिस्ट युवक संघ. मोठमोठी स्टेडियम भरून मुलांना त्या माणसासाठी गायला, रांगेने नाचायला लावत. म्हणजे देशातल्या सगळ्यात सुरक्षित माणसाच्या जवळ जाऊ शकणारी जमात म्हणजे शाळकरी पोरं. सात वर्षांच्या मुलाने नेमकी हीच फट हेरलेली आहे.

तिमोतेय दुमा या पोराने लालालिलु असा केलाय की तो एकदाही गोंडस दिसायचा प्रयत्न करत नाही. तो हट्टी आहे, चिकट आहे, ताईला बिलगलेला आहे. दोरोतेया पेत्रे तेव्हा पंचवीस वर्षांची होती आणि तरी सतरा वर्षांची वाटते, ते ओठ घट्ट मिटण्याच्या तिच्या पद्धतीमुळे. समितीपुढे, घरी, अलेक्सांद्रुपुढे सगळीकडे ती बोलण्याआधी अर्धा क्षण थांबते. काय बोललं तर कुणाला महागात पडेल, याचा हिशोब त्या अर्ध्या क्षणात चालू असतो. भाऊ समोर असला की मात्र हा थांबा नाहीसा होतो. चित्रपटातलं खरं प्रेम कुठे आहे हे इथे दिसतं; दोन्ही मुलगे त्यापुढे पाहुणेच. बापाच्या भूमिकेत मिर्चा दियाकोनु आहे, जो पुढे युरोपीय संसदेत निवडून गेला. शेजारच्या फ्लोरिकाकाकांच्या भूमिकेत जुना विनोदी नट जान कोन्स्तांतिन. वस्तीला वस्तीपण येतं ते अशा चेहऱ्यांमुळे.

दोष आहेत, आणि बारीक नाहीत. आंद्रेय कच्चा लिहिलाय. त्याचं धाडस कळतं, त्याचा स्वभाव कळत नाही. त्याला काय हसवतं, तो एवावर नेमका कशासाठी भाळला, यातलं काही सापडत नाही, त्यामुळे मधल्या भागात प्रेमकथा सैल पडते. पुतळा फुटण्यापासून नव्या शाळेपर्यंत चित्रपट सरळ चालतो. तिथून पुढे वस्तीतल्या इतक्या माणसांचे इतके छोटे प्रसंग येतात की नदीची भीती मागे राहते. मुलांचा कट आणि मोठ्यांचं पलायन या दोन गोष्टी दोन वेगळ्या चित्रपटांतल्या असाव्यात तशा आळीपाळीने येतात. आणि उबेचा आक्षेप इथे खरा ठरतो : पाळत ठेवणारी माणसं फारच गबाळी, जवळजवळ हास्यास्पद दाखवली आहेत. मुलाच्या नजरेतून ते चालून जातं, पण एवाच्या प्रसंगांत भय कमी पडतं.

शेवटाचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, तो सांगितल्याने रसभंग होत नाही. १६ डिसेंबर १९८९ ला तिमिश्वारा शहरात उठाव सुरू झाला. २१ ला बुखारेस्टच्या चौकात चाउशेस्कूच्या सभेत गर्दी उलटली, आणि त्याचा गोंधळलेला चेहरा क्षणभर थेट प्रक्षेपणात दिसला. २२ ला तो गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला. २५ ला, नाताळच्या दिवशी, तिर्गोविश्ते इथे त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. त्या दिवसांत हजाराहून जास्त माणसं मेली. चित्रपट हे सगळं वस्तीच्या पातळीवरून पाहतो, आणि मुलाने लिहिलेल्या निबंधाला शोभेल इतपतच पाहतो. कुणाला ते उथळ वाटेल. मला घाईचं वाटलं. शेवटची दहा मिनिटं आणखी वीस मिनिटं मागतात.

पाहताना सबटायटल्सवर सगळी भिस्त ठेवू नका. बाईंना मुलं ‘तोवाराशा’ म्हणतात, म्हणजे कॉम्रेड. इंग्रजीत त्याचं ‘टीचर’ किंवा ‘मिस’ होतं आणि शाळेतली सगळी हवा निघून जाते. वडीलधाऱ्या शेजाऱ्याच्या नावाआधी येणारा ‘न्या’ हा आपल्या ‘काका’सारखा, तोही गाळलेला असतो. कुणाला ‘तोवाराश’ म्हटलं जातंय आणि कुणाला ‘न्या’, एवढं ऐकत राहिलं तरी कोण आपला आणि कोण सरकारी हे पात्रांच्या तोंडून कळत जातं. घरात दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर सोबत बसवायला फारशी हरकत नाही, मात्र काही प्रसंग तरुणांचे आहेत याची कल्पना असू द्या.

आवडला तर पुढे काय? त्याच काळाचा विनोद हवा असेल तर २००९ चा ‘टेल्स फ्रॉम द गोल्डन एज’. त्यातली एक मुलगा आणि एक मुलगी सरकारी तपासनीस बनून घराघरांतून हवेचे ‘नमुने’ बाटल्यांत गोळा करतात, ती गोष्ट तर पाहाच. रिकाम्या बाटलीचे परत मिळणारे पैसे हा सगळा धंदा. प्रेम आणि पाळत यांची गाठ आणखी घट्ट हवी असेल तर अलेक्सांद्रु बेल्कचा २०२२ चा ‘मेट्रोनॉम’. काळ थोडा आधीचा, १९७२ चा, पण इथे कमी पडलेलं भय तिथे पुरेपूर आहे, आणि व्लाद इवानोवने उभा केलेला चौकशी अधिकारी एकदाही आवाज चढवत नाही.